हार्वेस्टमनच्या जवळच्या प्रजाती शरीररचनेवरून कशा ओळखायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्वेस्टमन म्हणजे ओपिलिओनिस गणातले लांब पायांचे, आठपायी प्राणी. आजवर साडेसहा हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. त्यातल्या बऱ्याच प्रजाती लांबून सारख्याच दिसतात: तपकिरी ठिपका आणि त्याला चिकटलेले आठ धागे. पण दहापट भिंगाखाली धरल्या की फरक दिसू लागतात. प्रश्न एवढाच असतो, की आधी बघायचं काय आणि कशावर किती भरवसा ठेवायचा.

मुळात हा हार्वेस्टमन आहे, कोळी नाही, हे कशावरून?

कंबर बघा. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग बारीक देठाने जोडलेले असतात. हार्वेस्टमनचं शीर्षवक्ष आणि उदर पूर्ण रुंदीने जोडलेलं असतं, त्यामुळे शरीर एकसंध दिसतं. उदरावर वळ्यांच्या आडव्या रेषा असतात. डोळे दोनच, आणि बहुतेकांत ते पाठीवरच्या एका छोट्या उंचवट्यावर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे बघणारा. रेशीम नाही, विषग्रंथी नाही. घराच्या कोपऱ्यात जाळ्यात उलटा लटकलेला लांब पायांचा प्राणी जवळजवळ नेहमीच फोल्सिडी कुलातला कोळी निघतो.

सुरुवातीला कोणती साधनं पुरतात?

शेतात किंवा रानात दहापट किंवा वीसपट भिंग, झाकणाची पारदर्शक डबी आणि मऊ कुंचला. चिमट्याने पाय पकडू नका, पाय हातात राहील आणि प्राणी पळून जाईल. घरी दहा ते चाळीसपट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, दोन बाजूंनी फिरवता येणारा दिवा, काचेची उथळ थाळी आणि तिच्या तळाशी बारीक धुतलेली वाळू. वाळूचा उपयोग नमुना हव्या त्या कोनात टेकवून ठेवायला होतो. वाळू नसेल तर प्राणी सारखा कुशीवर पडतो आणि डोळ्यांचा उंचवटा दर वेळी वेगळ्याच उंचीचा वाटतो.

कोणत्या अवयवांची नावं पाठ असायलाच हवीत?

फार नाहीत.

चेलिसेरा: तोंडापुढचे तीन खंडांचे चिमटे.

पेडिपाल्प: त्यामागची सहा खंडांची जोडी. शरीराकडून टोकाकडे: कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, पॅटेला, टिबिया, टार्सस. यातली पॅटेला सर्वांत बोलकी, कारण तिच्या आतल्या बाजूला कधी टोक, कधी लांब फांदी, कधी नुसता केसांचा झुपका असतो.

पाय: सात खंड. पेडिपाल्पमध्ये नसलेला मेटाटार्सस इथे टिबिया आणि टार्ससच्या मध्ये येतो. टार्सस पुढे अनेक बारीक तुकड्यांत विभागलेला असतो. दुसरी जोडी सर्वांत लांब, आणि ती चालण्यापेक्षा चाचपण्यासाठी जास्त वापरली जाते.

डोळ्यांचा उंचवटा: त्याची उंची, रंग आणि त्यावरचे दात किंवा काटे.

त्रिशूळ: पाठकवचाच्या पुढच्या कडेला मधोमध असलेले तीन काटे. सगळ्यांना नसतो.

खोगीर: पाठीवरचा गडद पट्टा.

जननझाकण: पोटाकडे, पायांच्या कॉक्सांच्या मध्ये पुढे आलेलं झाकण.

यात गंधग्रंथीच्या छिद्रांची भर घाला. ती शीर्षवक्षाच्या दोन्ही कडांना, साधारण पहिल्या-दुसऱ्या पायांच्या वर असतात. सायफॉफ्थाल्मी उपगणात ती चक्क उंच शंकूंवर बसलेली असतात आणि तेवढ्यावर उपगण ठरतो.

प्रौढ आहे की पिल्लू, हे आधी का ठरवायचं?

कारण ओळख तक्ते, म्हणजे एकेक खूण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, जवळजवळ सगळे प्रौढांसाठी लिहिलेले असतात. पिल्लांमध्ये त्रिशूळ अर्धवट असतो, पॅटेलाची फांदी वेगळ्याच प्रमाणात असते, नरांची शिंगं आलेलीच नसतात. पिल्लू तक्त्यात घातलं तर तक्ता उत्तर देतोच, फक्त ते चुकीचं असतं.

खात्रीची खूण पोटाकडे सापडते. प्रौढात जननझाकणाची पुढची कड सुटी असते आणि बारीक सुईने हलकेच उचलली जाते. पिल्लात ते झाकण चिकटलेलं असतं. उचलताना जोर लावावा लागला तर थांबा. मऊ, फिकट अंगाचा आणि शरीराच्या मानाने आखूड पायांचा नमुना असेल तरी पिल्लाची शंका घ्या. पण नुकतीच कात टाकलेला प्रौढही फिकट आणि मऊच असतो, त्यामुळे अखेरचा शब्द झाकणाचा.

समशीतोष्ण प्रदेशात ऋतूही मदत करतो. तिथल्या बहुतेक प्रजाती उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात प्रौढ होतात. रिलेना ट्रँग्युलॅरिस पिल्लाच्या रूपात हिवाळा काढते आणि वसंतात प्रौढ दिसते. मे महिन्यात युरोपात मोठा फिकट डोळे-उंचवटा असलेला प्रौढ मिळाला तर पहिला विचार तिचाच करावा.

नर-मादी कसे ओळखायचे?

मादी सहसा मोठी आणि फुगीर पोटाची, नर आटोपशीर आणि शरीराच्या मानाने लांब पायांचा. अनेक प्रजातींत नराचे पेडिपाल्प किंवा चेलिसेरा जास्त वाढलेले असतात. ठाम निर्णय मात्र झाकणाखाली असतो. नराला खरंखुरं शिस्न असतं, कोळ्यांत तसं नसतं. मादीला अंडी घालण्याची नळी असते. यूप्नॉय उपगणात ही नळी वळ्यावळ्यांची असते आणि डिस्प्नॉयमध्ये वळ्यांशिवाय. म्हणजे मादी तपासताना उपगणाचीही उलटतपासणी होते.

सायफॉफ्थाल्मीत नराच्या चौथ्या पायाच्या टार्ससवर एक उभा काटा असतो. तो दिसला की झाकण शोधत बसायची गरज नाही. तसं झाकण या उपगणात नसतंच.

प्रजातीकडे जाण्याआधी उपगण आणि कुल कसं ठरवायचं?

पेडिपाल्पपासून सुरुवात करा. जाडजूड, काटेरी, शिकार पकडण्यासाठी घडलेले पेडिपाल्प असतील तर लॅनिएटोरीस. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पायांच्या टोकाशी दोन नख्या किंवा फांद्या फुटलेली एक नखी असते, तर पहिल्या दोन जोड्यांना एकच साधी नखी. पेडिपाल्प सडपातळ असून टार्सस टिबियापेक्षा लांब आणि टोकाला नीट नखी असेल तर यूप्नॉय. टार्सस टिबियापेक्षा आखूड आणि नखी नाही किंवा नावापुरती असेल तर डिस्प्नॉय. आणि काही मिलिमीटरचा, आखूड पायांचा, माइटसारखा दिसणारा कडक प्राणी, ज्याच्या कडांना शंकू आहेत, तो सायफॉफ्थाल्मी.

यूप्नॉयमध्ये पुढचा प्रश्न पेडिपाल्पच्या नखीचा. नखी गुळगुळीत असेल तर फॅलॅन्जिइडी, नखीला आतून कंगव्यासारखे दात असतील तर स्क्लेरोसोमॅटिडी. यासाठी चाळीसपट तरी लागते आणि दिवा बाजूने हवा. वरून थेट उजेड टाकला तर दात चकाकीत बुडून जातात. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो तो घाणीमुळे: नखीत अडकलेला मातीचा कण दातासारखा दिसतो. कुंचल्याने पुसून पुन्हा बघा.

रंग आणि नक्षीवर किती भरवसा ठेवायचा?

शोध अरुंद करायला रंग चालेल, निर्णय द्यायला नाही. एकाच प्रजातीत फिकट, गडद, ठिपकेदार आणि जवळजवळ बिनखोगिराचे नमुने मिळतात. मायटोपस मोरिओ याचं ठळक उदाहरण. तिचं खोगीर सहसा मध्ये आवळलेलं असतं, पण कधी ते सरळ पट्ट्यासारखं दिसतं, कधी पूर्ण पाठ काळी, आणि नरांत ते पुसटही असतं. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचे पांढरे, पिवळे आणि लालसर रंग उतरतात. म्हणून जिवंत असतानाच फोटो काढून ठेवा.

रंगाची जागा मात्र कधीकधी रंगापेक्षा भरवशाची असते. कोणता खंड गडद आहे, डोळ्याभोवतीचं कडं काळं की पांढरं, पोटाची बाजू कोरी की ठिपकेदार, या गोष्टी बऱ्याच टिकतात. खाली त्यांचाच उपयोग केला आहे.

त्रिशूळ बघताना नेमकं काय तपासायचं?

काटे आहेत का, किती, कोणत्या दिशेने, आणि मधला बाजूच्यांपेक्षा किती मोठा. नमुना आधी वरून आणि मग कुशीवरून बघावा, कारण वरून बघितल्यावर पुढे झुकलेला आणि सरळ उभा काटा सारखेच दिसतात.

ओलिगोलोफस ट्रायडेन्समध्ये तीन छोटे काटे जवळजवळ बसलेले असतात, मधला किंचित मोठा. खोगिराच्या कडा बऱ्यापैकी समांतर. ओडिएलस स्पायनोससमध्ये तीन दणकट काटे जवळजवळ आडवे, पुढे रोखलेले. शरीर चपटं आणि मोठं, मादी सुमारे 11 मिमीपर्यंत. या दोघांची गल्लत फक्त पिल्लांमध्येच व्हावी. लॅसिनियस एफिपिएटसचे काटे उभे असतात आणि त्याच्या पायांच्या फीमरवर ठळक काटे असतात, त्यामुळे पाय बघितल्याशिवाय त्याचा निकाल लावू नये. पॅरोलिगोलोफस अॅग्रेस्टिसमध्ये नीट त्रिशूळ नसतो, दातांचा छोटा पुंजका असतो, त्यात मधला उठून दिसतो. मायटोपस मोरिओतही त्रिशूळ नाही, फक्त विखुरलेले बारीक दात.

काटा तुटलेला असू शकतो. तुटलेल्या जागी गोल, फिकट बुंधा राहतो. बुंधा मोजा, टोक नव्हे.

फॅलॅन्जियम ओपिलिओ आणि ओपिलिओ जीनसच्या (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) प्रजाती वेगळ्या कशा काढायच्या?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि साहजिकच आहे. फॅलॅन्जियम ओपिलिओ हे नाव लिनियसने 1758 मध्ये दिलं. ही प्रजाती माणसाबरोबर उत्तर अमेरिका आणि न्यूझीलंडपर्यंत पोहोचली आहे. शेत, बाग, भिंत, सगळीकडे सापडते.

मोठ्या नरात अडचण नाही. चेलिसेराच्या दुसऱ्या खंडावरून वर निघालेलं शिंग आणि पायांसारखे लांब पेडिपाल्प दिसले की झालं. अडचण लहान नरांची. शिंगाची लांबी एकाच ठिकाणच्या नरांतही खूप बदलते, आणि आखूड शिंगाचा नर घाईत ओपिलिओ म्हणून नोंदवला जातो. मादीला तर शिंगच नाही.

म्हणून बघायची जागा वेगळी आहे. प्राण्याला थेट समोरून बघा: पाठकवचाच्या पुढच्या कडेखाली, चेलिसेराच्या अगदी वर, दोन छोटे फिकट दात शेजारीशेजारी असतात. फॅलॅन्जियम ओपिलिओच्या नर, मादी दोघांतही ते असतात, ओपिलिओ जीनसमध्ये नसतात. चेलिसेरा वर दाबले गेले असतील तर ते झाकले जातात. सुईने चेलिसेरा हलकेच खाली करा. फोटोवरून ओळखताना हे दात दिसण्यासाठी समोरून आणि किंचित खालून घेतलेला फोटो लागतो, वरून काढलेल्या दहा फोटोंचा उपयोग नाही. शिवाय फॅलॅन्जियम ओपिलिओच्या पोटाची बाजू खडूसारखी पांढरी आणि कोरी असते.

ओपिलिओ असल्याचं ठरलं की उलटं करून पोट बघा. ओपिलिओ पॅरिएटिनसच्या कॉक्सांवर आणि पोटावर तपकिरी ठिपके असतात. ओपिलिओ कॅनेस्ट्रिनीचं पोट फिकट आणि बिनठिपक्याचं, नराचं शरीर नारिंगी-तपकिरी, पाय गडद आणि सांध्यांजवळ फिकट. ओपिलिओ सॅक्साटिलिस आकाराने लहान, आणि पाठीच्या मधोमध फिकट रेघ. मध्य युरोपात इमारतींच्या भिंतींवरून कॅनेस्ट्रिनीने पॅरिएटिनसला बऱ्याच ठिकाणी हुसकावलं आहे. त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या नोंदी नव्या नमुन्यावर आंधळेपणाने लावू नयेत.

लायोबुनम रोटंडम आणि लायोबुनम ब्लॅकवॉली?

दोन्ही नर गोलसर, लालसर-तपकिरी, एकरंगी आणि पाय अतिशय लांब. शरीराकडे बघून काही हाती लागत नाही. डोळ्यांकडे बघा. रोटंडममध्ये डोळ्यांभोवती गडद रंग असतो, ब्लॅकवॉलीमध्ये पांढरं कडं. मग ट्रोकँटर, म्हणजे पायाचा शरीराजवळचा छोटा दुसरा खंड: रोटंडममध्ये तो गडद असतो आणि शेजारच्या फिकट कॉक्सामुळे उठून दिसतो, ब्लॅकवॉलीमध्ये तो कॉक्सासारखाच फिकट. दोन्ही खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. न जुळल्यास नमुना अल्कोहोलमध्ये किती काळ होता ते आधी तपासा, कारण पांढरं कडं सर्वांत आधी उतरतं. मादीच्या खोगिराचा मागचा शेवट हीही एक खूण सांगितली जाते, पण ती तिसऱ्या क्रमांकावरच ठेवावी.

लायोबुनम आणि नेलिमा यांत फरक काय?

परंपरेने कॉक्सांच्या कडांवरच्या बारीक दातांच्या रांगा बघतात: लायोबुनममध्ये त्या असतात, नेलिमात नसतात किंवा अगदी विरळ. नमुना उलटा करून, अल्कोहोलमधून काढून, पृष्ठभाग जरा कोरडा होऊ देऊन बघा. द्रवाखाली हे दात पारदर्शक होतात आणि 'नाहीत' असा निष्कर्ष निघतो. या दोन जीनसमधली सीमा नातेसंबंधांच्या अभ्यासात टिकलेली नाही. तक्ता म्हणून ती वापरा, वंशावळ म्हणून नको.

पेडिपाल्प दुहेरी दिसतो, म्हणजे काय?

पॅटेलाला फुटलेली लांब फांदी. पश्चिम युरोपात अशी मोठी फांदी आणि भिंतीवर बसताना पाय दोन्ही बाजूंना जुडग्यात ताणून ठेवण्याची सवय दिसली की डिक्रॅनोपॅल्पस. पूर्वी सगळेच नमुने डिक्रॅनोपॅल्पस रॅमोसस म्हणून नोंदवले जात. 2015 मध्ये डिक्रॅनोपॅल्पस कॉडेटस ही वेगळी प्रजाती असल्याचं पुन्हा मान्य झालं. म्हणून त्याआधीच्या, नमुना न जपलेल्या नोंदी फक्त जीनसपर्यंत धराव्यात.

लहान टोक आणि लांब फांदी यात गल्लत करू नका. रिलेनाच्या पॅटेलावरही आतल्या बाजूला टोक असतं, पण ते पेडिपाल्प दुहेरी भासावा इतकं लांब नसतं.

डोळ्यांच्या उंचवट्यावर मोठे काटे आहेत. लगेच नाव सांगता येईल?

काटे खरोखर लांब, प्रत्येक बाजूला पाच, आणि प्राणी राखाडी-हिरवट असेल तर मेगाब्युनस डायडेमा. नर फार क्वचित सापडतात, माद्या बहुधा नराशिवायच प्रजनन करतात. त्यामुळे इथे नराच्या जननेंद्रियाची वाट बघण्यात अर्थ नाही.

काळा, दोन पांढऱ्या डागांचा, दोन-तीन मिलिमीटरचा प्राणी: नेमॅस्टोमा कोणता?

नेमॅस्टोमा बायमॅक्युलेटम पश्चिम युरोपात आणि नेमॅस्टोमा लुगुब्रे त्याच्या पूर्वेला व उत्तरेला, अशी ढोबळ विभागणी आहे. पण जिथे दोघांचे प्रदेश भिडतात तिथे नकाशा कामाचा नाही. नर हवा. चेलिसेराच्या पहिल्या खंडावर वरच्या बाजूला जो उंचवटा असतो त्याचा आकार कुशीवरून बघतात. मादी एकटी असेल तर जीनसवर थांबलेलं बरं. दोन्ही डाग नसलेले पूर्ण काळे नमुनेही मिळतात, आणि ते दुसऱ्याच जीनसमध्ये टाकले जातात.

ट्रोग्युलस इतका अवघड का मानतात?

अंगावर मातीचा थर. ट्रोग्युलस चपटा, संथ, गोगलगायी खाणारा, आणि डोक्यावर टोपीसारखी झडप असलेला असतो. ती झडप चेलिसेरा झाकते. तिच्यामुळे जीनस सोपा, प्रजाती मात्र नाही. 'ट्रोग्युलस नेपिफॉर्मिस' या एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक प्रजाती दडल्याचं आकारमान, शिस्न आणि डीएनए एकत्र बघितल्यावर उघड झालं.

थर आधी काढा. नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये काही तास भिजवा, मग बारीक, थोड्या कडक कुंचल्याने पुढून मागे घासा. उलट दिशेने घासलं तर पृष्ठभागावरचे सूक्ष्म फुगवटे आणि केस तुटतात, आणि नेमके तेच बघायचे असतात. मग शरीराची लांबी, दुसऱ्या पायाच्या फीमरची लांबी, टार्ससच्या खंडांचं एकमेकांशी प्रमाण, आणि नर असेल तर शिस्न. यातलं एकच माप घेऊन नाव देऊ नका.

मापं कशी घ्यायची?

शरीराची एकूण लांबी लिहा, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. अंड्यांनी भरलेल्या मादीचं उदर ताणलेलं असतं, तीच मादी अंडी घातल्यावर आखडते. अल्कोहोलमध्येही उदर फुगतं किंवा आक्रसतं. कडक भाग मोजा: शीर्षवक्षाची सर्वांत जास्त रुंदी आणि प्रत्येक पायाचा फीमर. दुसऱ्या पायाच्या फीमरला शीर्षवक्षाच्या रुंदीने भागलं की मिळणारं गुणोत्तर आकाराने लहान-मोठ्या नमुन्यांनाही बऱ्यापैकी लागू पडतं.

अशाच प्रमाणांचा उपयोग मायटोपसमध्ये झाला. 1982 मध्ये मायटोपस एरिसियस ही मोरिओची अगदी जवळची, लांब पायांची प्रजाती ब्रिटनमधून वेगळी वर्णन करण्यात आली. रंगावर विसंबून ती कधीच सुटली नसती.

नेत्रिकेतली मापपट्टी प्रत्येक मोठेपणासाठी स्वतंत्रपणे प्रमाणित काचपट्टीवर तपासा. झूम मधल्या कुठल्यातरी जागी ठेवून घेतलेलं माप फुकट जातं. खंड क्षितिजसमांतर हवा. तिरपा फीमर आखूड मोजला जातो आणि ही चूक नेहमी एकाच दिशेने होते, त्यामुळे सरासरी काढूनही भरून येत नाही.

टार्ससचे तुकडे मोजून प्रजाती ठरते का?

लॅनिएटोरीसमध्ये मोजतात, आणि चारही पायांचे आकडे क्रमाने लिहितात. पण सावध राहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल फ्रीडरिश रोएवरने अशा मोजणीवर, फीमरच्या गाठींवर आणि पाठीवरच्या काट्यांवर शेकडो जीनस उभे केले. पुढे लक्षात आलं की हे आकडे एकाच प्रजातीत, कधी एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या पायांतही बदलतात. आशियातल्या गॅग्रेला (हा यूप्नॉयमधला जीनस) आणि तिच्या भावंडांमध्ये हा गोंधळ आजही पूर्ण निस्तरलेला नाही. पाठीवर एक उभा काटा दिसला म्हणून गॅग्रेला लिहून मोकळं होऊ नये.

मोजायचंच तर दोन्ही बाजू मोजा, शक्यतो एकाच ठिकाणचे अनेक नमुने मोजा आणि पल्ला लिहा, एक आकडा नको.

लॅनिएटोरीसमध्ये नर दोन प्रकारचे दिसतात. दोन प्रजाती?

बहुतेकदा नाही. काही प्रजातींत मोठे, शस्त्रसज्ज नर आणि मादीसारखे दिसणारे लहान नर एकत्र राहतात. फरक चौथ्या पायाच्या कॉक्सा आणि फीमरवरच्या काट्यांत दिसतो. पूर्वी नर-मादीसुद्धा वेगवेगळ्या नावांनी वर्णन झालेल्या आहेत. दोन्ही प्रकारच्या नरांचं शिस्न सारखंच असेल तर प्रजाती एक.

शिस्न तपासणं खरंच गरजेचं आहे का, आणि ते कसं करायचं?

अवघड गटांत गरजेचं आहे. लायोबुनमच्या काही प्रजातींत शिस्नाच्या टोकाजवळ छोट्या पिशव्यांची जोडी असते, काहींत ती नसते; हा फरक बाहेरून कळणं अशक्य. लॅनिएटोरीसमध्ये टोकाजवळची तळपट्टी आणि तिच्यावरचे केस, त्यांची संख्या आणि जागा, यांवरच बहुतेक आधुनिक वर्णनं उभी आहेत.

नमुना अल्कोहोलमध्ये पाठीवर झोपवा. यूप्नॉय आणि डिस्प्नॉयमध्ये जननझाकणाची पुढची कड बारीक सुईने उचला. बिजागरी मागे असते. झाकण तोडू नका, मागे दुमडा. आतली नळी बोथट चिमट्याने बुडाजवळ धरून हळू ओढा. टोकाला धरलं तर टोकावरची बारीक काडी मोडते, आणि ओळख बहुतेकदा तिच्यावरच असते. स्नायू चिकटले असतील तर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडा वेळ ठेवा, मिनिटामिनिटाला बघा, मग पाण्याने धुवा. जास्त वेळ राहिलं तर पडदे सुजतात आणि टोकाचा आकारच बदलतो. नंतर ग्लिसरीनच्या थेंबात, खड्ड्याच्या काचपट्टीवर, वरून आणि बाजूने बघा. वर काच झाकून दाबू नका: चपटं झालेलं टोक तक्त्यातल्या चित्राशी कधीच जुळत नाही. काम झालं की वेगळ्या छोट्या कुपीत घालून ती कुपी मूळ नमुन्याच्याच बाटलीत ठेवा.

फोटोवरून ओळख मागायची असेल तर कोणते फोटो हवेत?

पाठ सरळ वरून, पूर्ण कुशीवरून, तोंड समोरून आणि पोट. पोटाचा फोटो काढायला प्राणी पारदर्शक डबीत ठेवून डबी खालून टिपा. एका फोटोत पट्टी असावी. झगझगीत फ्लॅशमुळे त्रिशूळ आणि पांढरे दात सपाट होतात, त्यासमोर पातळ पांढरा कागद धरा. पायावर किंवा पाठीवर लाल ठिपके दिसले तर ती नक्षी समजू नका, बहुधा त्या चिकटलेल्या माइटच्या अळ्या असतात.

दोन पाय नाहीत. ओळख होईल?

होते. पाय ट्रोकँटर आणि फीमरच्या मधल्या सांध्यातून सुटतो आणि पुन्हा उगवत नाही. कोणता पाय गेला हे कॉक्सा मोजून ठरवा, लांबीवरून अंदाज नको. दुसरी जोडी गेली असेल तर उरलेल्यांतला सर्वांत लांब पाय हा 'दुसरा' म्हणून मोजला जातो आणि गुणोत्तर बिघडतं. सुटलेले पायही बाटलीत ठेवा.

नमुना कसा जपायचा?

रचनेसाठी 70 ते 80 टक्के इथेनॉल. डीएनए हवा असेल तर एक पाय वेगळा करून 95 टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये थंड जागी. पूर्ण शरीर इतक्या तीव्र द्रवात ठेवलं की सांधे कडक होतात आणि पेडिपाल्प वळवताना तुटतात. टाचणीवर सुकवू नका, उदर चुरगळून जातं.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने: ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, अधिवास, गोळा करणाऱ्याचं नाव. ओळखीची चिठ्ठी वेगळी, तिच्यावर ओळखणाऱ्याचं नाव आणि वर्ष. ओळख बदलली तर जुनी चिठ्ठी काढू नका, नवी शेजारी घाला.

डीएनए बारकोड केला की हे सगळं टाळता येईल ना?

नाही. बारकोड म्हणजे डीएनएचा एक ठराविक तुकडा, आणि त्याची तुलना आधीच ओळखलेल्या नमुन्यांशी होते. तुलनेचा नमुना चुकीचा ओळखला गेला असेल तर चूक आकड्यांच्या आत्मविश्वासाने परत येते. उष्ण प्रदेशांतल्या अनेक गटांसाठी तुलनेला नमुनेच नाहीत. रचना आणि डीएनए एकाच नमुन्यातून आले तरच दोघांचा उपयोग.

प्रजाती नक्की होत नसेल तर नोंदीत काय लिहायचं?

जीनसचं नाव आणि पुढे 'प्रजाती अनिश्चित'. एखाद्या प्रजातीशी जुळतं पण एक खूण अडखळते, तर जीनस, मग 'तुलना करा', मग त्या प्रजातीचं नाव, आणि कोणती खूण अडखळली ते. वायव्य युरोपात या शतकाच्या पहिल्या दशकात भिंतींवर मोठ्या झुंडींनी पसरलेला एक गडद लायोबुनम तज्ज्ञांनीही कित्येक वर्षं प्रजातीच्या नावाशिवायच नोंदवला. त्या नोंदी आजही वापरता येतात, कारण त्यांत अंदाजाचं नाव घुसवलेलं नाही आणि नमुने जपलेले आहेत.